बाहेरचा खिळा

दवाखान्याच्या मागच्या खिडकीला बाहेरून एक खिळा होता. तो मी ठोकला होता. हे आधीच सांगून टाकतो. सिस्टर वाघमाऱ्यांबद्दल बोलायचं आणि खिळ्याचं नाव काढायचं न्हाई, हे मला जमणार न्हाई.

शहागडपासून आठ-नऊ मैल आत आमचं गाव. सरकारी दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि दारात लिंबाचं झाड. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, तेही जीप मिळाली तर. बाकीचे दिवस मी, म्हणजे कंपाउंडर, आणि काशिनाथ शिपाई. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली सिस्टर वाघमारे आमच्याकडं बदलून आल्या. काशिनाथनं आडनाव ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं. दुपारी बाजारातून एक नवा कप आणला, पांढरा, निळ्या काठाचा. खिडकीबाहेर खिळा ठोकला आणि कप कानानं अडकवून टाकला. आमचे तीन कप आत फळीवर, त्यांचा एक बाहेर. त्या काळी असंच चालायचं, असं म्हणून लोक मोकळे होतात. अहो, आपोआप काय चालतंय? आम्ही चालवत होतो.

सिस्टरांनी तो कप पहिल्याच दिवशी बघितला. खिळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "खिळा बराबर ठोकलाय. पडायचा न्हाई." बास. पुढं त्या विषयावर एक शब्द न्हाई.

उंची पाच फुटांच्या आत. छातीवर पिनेनं टाचलेलं उलटं घड्याळ, आणि हातात गडीमाणसाची लांब काळी छत्री, ऊन असो का सावली. चालणं असं की काशिनाथ म्हणायचा, "ही बाई न्हाई, टपाल हाय." कुणी काही विचारलं की आधी छत्रीचं टोक दोनदा जमिनीला टेकवायच्या, मंग उत्तर. त्यांचं घरदार काय होतं मला नीट माहीत न्हाई. परभणीकडं एक भाऊ मास्तर होता, एवढं कळलं होतं. आपण विचारलंच न्हाई तर कळणार कसं?

आणि एक खोड होती. दर सोमवारी सकाळी माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "कंपाउंडरसाहेब, आ करा."

मी तंबाखूवाला माणूस. डाव्या गालात चुना-तंबाखूची गोळी सकाळपासून झोपेपर्यंत. मी हसायचो, पिचकारी टाकायचो आणि म्हणायचो, "सिस्टर, गावाची तोंडं बघा. माझं मी बघून घेतो."

"बघता का?" त्या विचारायच्या.

खरं सांगायचं तर बघत नव्हतो.

एकदा औरंगाबादहून छापील कागद आला. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना माहिती पाहिजे होती. क्यान्सरचे पेशंट मुंबईला जाऊन ऑपरेशन करून, लाईट घेऊन घरी परत येतात, त्यांची पुढं काळजी कशी घेतली जाते, ते गावोगावच्या नर्सांनी भरून पाठवायचं. किरणांच्या उपचाराला आमच्याकडं लाईटच म्हणतात. आमच्या भागात बायकांना मिश्री आणि गड्यांना तंबाखू, त्यामुळं तोंडाचेच जास्त. कागदावर रकाने होते. नाव, वय, जखम दिवसातून किती वेळा धुतली, ताप किती. सिस्टरांनी तो कागद दोनदा वाचला, छत्री दोनदा टेकवली आणि म्हणाल्या, "ह्यात घर न्हाई."

मंग दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीनं आपले रकाने आखले. पेशंटचा कप कुठं. ताट कुठलं. वेगळं कोणी काढलं. जेवताना सोबत कोण बसतं. त्या दिवसापासून खाणं किती उतरलं.

"हा काय सर्वे म्हणायचा?" मी म्हणालो. "कपबशा मोजायच्या?"

"माणूस आधी पंगतीतून जातो, मंग जगातून," त्या म्हणाल्या. "दुसरं सगळे लिहितात. पहिलं मी लिहिते."

तेव्हा सगळ्यांना वाटायचं, हा रोग उष्ट्यातून लागतो. शिकलेल्यांनाही वाटायचं. पेशंट मुंबईहून आला की दुसऱ्या दिवशी त्याचं जर्मलचं ताट वेगळं, कप वेगळा. त्याला सांगायचं, तुला पथ्य आहे. रोगाचं नाव घरात कुणी काढायचं न्हाई. सिस्टर ओसरीवर उभ्या राहायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, आणि दोन मिनटांत त्यांना कप सापडायचा. गोठ्याच्या कोनाड्यात, न्हाणीच्या भिंतीवर, कुठंही असो. मी एकदा विचारलं, तुम्हाला इतक्या जल्दी दिसतो कसा?

"शोधावा लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "जन्मापासून तिथंच बघत आले."

पहिली मोठी चूक गयाबाईंच्या घरी झाली. गयाबाई म्हणजे गावातल्या मोठ्या जमीनवाल्या घरची म्हातारी. गालाचं ऑपरेशन करून आलेली. कप वेगळा, ताट वेगळं, बाज ओसरीच्या टोकाला. सिस्टरांनी मुलाला, सुनेला पुष्कळ समजावलं की बोलण्यानं, जेवण्यानं हे लागत न्हाई. कुणी मानेना. मंग एक दिवस सिस्टरांनी सगळ्यांच्या समोर गयाबाईंच्या कपातला उरलेला चहा उचलला आणि पिऊन टाकला. म्हणाल्या, "बघा. मला काही होतंय का?"

आता ही गोष्ट दुसऱ्या कुण्या नर्सनं केली असती तर गोष्ट वेगळी. सिस्टर गेल्या, आणि सुनेनं तो कप चिमट्यानं उचलून अंगणात शेणीच्या जाळावर धरला. कप तडकला. म्हातारी बाजेवरून बघत होती. तोपर्यंत तिला पथ्यच वाटत होतं. तिनं मुलाला विचारलं, "त्या बाईनं कप शिवला म्हणून जाळला. मंग माझा कप आधीपासून भाईर का होता रं?" मुलगा उठून गोठ्याकडं गेला. तिला काय कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं. पेज न्हाई, पाणी न्हाई. महिना काही निघाला न्हाई.

म्हातारी गेल्याच्या चौथ्या दिवशी मी कागदाच्या पुड्या बांधत होतो, तर सिस्टर एकदम म्हणाल्या, "मी प्याले त्याचा काय उपयोग? मी काय त्या घरची हाय का? घरच्यानं प्यायला पाहिजे. आणि तेही पेशंटच्या डोळ्यासमोर. माघारी प्याल्याचा बिलकुल उपयोग न्हाई."

तिथून त्यांची रीत बदलली. जायचं, बसायचं, चहा पेशंटच्याच कपात मागवायचा, अर्धा पेशंटला पाजायचा, आणि उरलेला घरच्या माणसापुढं करायचा. बोलायचं न्हाई. कप पुढं धरून बसून राहायचं. रोग आणि सिस्टरांचा हात, दोन्ही त्या कपाला लागलेले. कुणी अर्धा तास लावायचा, कुणी उठून शेतात निघून जायचा. एका घरी थोरल्या भावानं धाकट्याच्या कपातला चहा पिता पिता रडायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी दोघं भाऊ एका ताटात जेवले. धाकटा गेलाच पुढं. पण जेवत होता शेवटपर्यंत. वहीत तसं लिहिलं आहे.

लोकांनी मात्र ह्यातून भलतंच काढलं. सिस्टर ज्या घरात बसतात त्या घरातलं माणूस जातं, एवढंच त्यांनी बघितलं. जाणारच की. आजारच तो. पण गाव असं हिशेब करत न्हाई. आधी बायका कुजबुजायला लागल्या, मंग पोरं. लांबून काळी छत्री दिसली की दारं लागायची. आणीबाणीच्या काळात तर नसबंदीवाली आली म्हणून गडी ज्वारीत पळायचे, आणि नसबंदी न्हाई असं कळलं तर जास्तच भ्यायचे. भर दुपारी गल्लीतून त्या एकट्या चालल्यात आणि पुढं एकेक कडी वाजतेय, असं मी डोळ्यांनी बघितलंय. काशिनाथ त्यांची सावली अंगावर पडू द्यायचा न्हाई. मी हसायचो त्याला. हसणं सोपं होतं.

त्याच पावसाळ्यात माझ्या डाव्या गालात आतून पांढरं आलं.

दुखत नव्हतं. जिभेला खरखरीत लागायचं. मी कंपाउंडर. मला कळायला पाहिजे होतं, आणि कळलंही होतं. म्हणून तर कुणाला सांगितलं न्हाई. दवाखाना रिकामा झाला की आरशासमोर उभा राहून जांभळं औषध लावायचो. तंबाखू उजव्या गालात धरायला लागलो. पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला पांढऱ्याच्या मधोमध लाल झालं, तिखट सोसेना, तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. भीती मरणाची कमी होती. खोटं सांगत न्हाई, मला डोळ्यासमोर दिसायचा तो कप. माझ्याच घरात, माझाच कप, कोनाड्यात वेगळा ठेवलेला.

सोमवार आला की मी औषधाच्या खोलीत जाऊन बसायचो. पाच सोमवार काढले. सहाव्या सोमवारी सिस्टर दारातच उभ्या राहिल्या. वाट सोडेनात.

"कंपाउंडरसाहेब, पंधरा दिवसांपासून तुम्ही भाकर चहात बुडवून खाऊन राह्यले. आ करा."

मी आ केला. त्यांनी घड्याळाच्या पिनेजवळची छोटी बॅटरी काढून आत बघितलं. बराच वेळ. बॅटरी विझवली, छत्री भिंतीला होती तरी हात सवयीनं दोनदा खाली टेकवला.

"तुकडा काढून तपासायला पाहिजे. उद्याच जा. मी चिठ्ठी देते."

"तेच हाय का?"

"मी डॉक्टर न्हाई," त्या म्हणाल्या. पण डोळे चुकवले न्हाईत, त्यातच काय ते आलं.

औरंगाबादला जाऊन तुकडा देऊन आलो. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. गावाला बारा तासही लागले न्हाईत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तर फळीवर दोनच कप. मी खिडकीतून बाहेर बघितलं. खिळ्याला दोन कप लटकत होते. निळ्या काठाचा सिस्टरांचा, आणि त्याला टेकून माझा.

काशिनाथ खाली मान घालून म्हणाला, "साहेब, राग नका धरू. लेकरंबाळं हायेत माझी. खिळा होताच तिथं, म्हणून मंग..."

खिळा होताच.

सिस्टर आल्या, त्यांनी दोन्ही कप बघितले. मला वाटलं, आज तरी ह्या बोलतील. बोलायचा हक्क होता. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी काय हाय?"

घरी तेच होतं. शांतानं, माझ्या बायकोनं, माझं जर्मलचं ताट काढलं होतं. रडत रडत म्हणाली होती, "मालूसाठी करून राह्यले हो. पोर हाय आपली. माझं काय, मी जेवीन तुमच्या ताटात." पण जेवली न्हाई. मी ओसरीवर, त्या दोघी आत. घास गालात फिरवत मी भिंतीकडं बघायचो आणि ताट सरकवून द्यायचो. चार दिवसांत माझी विजार कमरेला राहीना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सिस्टर आमच्या घरी आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. पायरीशीच थांबल्या. शेजारच्या दोन दारांच्या कड्या लागल्याचं मी ऐकलं. छत्री माझ्या दारात आली होती. मी ज्या लोकांना हसायचो त्यांच्यासारखंच मला वाटलं, ह्या बाईला आत घेऊ नये.

"शांताबाई," सिस्टर म्हणाल्या, "ह्यांच्या कपात चहा आणा."

मी अर्धा प्यालो. सिस्टरांनी कप माझ्या हातून घेतला आणि शांतापुढं धरला. शांता कपाकडं बघत राहिली, मंग माझ्याकडं. चहावर साय धरली. मंग तिनं डोळे मिटले आणि घोट घेतला, आणि डोळे उघडून माझ्याकडं बघत दुसरा घेतला. मालू दहा वर्षांची, आईच्या पदराआड. तिनं हात पुढं केला. शांतानं तिचं मनगट पकडलं. पकडून ठेवलं. मंग सोडलं. पोरीनं उरलेला चहा गटागटा पिऊन कप पालथा घातला.

मी बाप्या माणूस, पायरीवर बसून ढसाढसा रडलो. त्या रात्री ताटं तीन एका ओळीत होती. मी दीड भाकर कुस्करून खाल्ली.

सिस्टरांनी पायरीशी उभं राहूनच वहीत लिहिलं आणि गेल्या. त्यांना चहा विचारायचं आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई.

रिपोर्ट तेच सांगत होता. मुंबईला जायचं ठरलं. शहागडला हायवेवर ट्रकांच्या धुरळ्यात आम्ही बसची वाट बघत होतो तेव्हा सिस्टर आल्या आणि वही माझ्या हातात दिली. "वाटेत औरंगाबादला त्या डॉक्टरीणबाईंना द्या. भरली."

बसमध्ये मी वही उघडली. शेवटच्या पानावर मी होतो. दवाखान्यातला कप: बाहेरच्या खिळ्याला, शिपायानं ठेवला. घरचा कप: पत्नी प्याली, मुलगी प्याली. मी मागं मागं पानं उलटत पहिल्या पानावर आलो. तिथं तारीख होती त्या दवाखान्यात रुजू झाल्या त्या दिवसाची. वही आखल्यावर मागची तारीख घालून लिहिलं असणार.

घर: दवाखाना. कप: बाहेरच्या खिळ्याला. वेगळा कोणी काढला: कंपाउंडर. पेशंटच्या जागी स्वतःचं नाव. आजार: न्हाई. खाणं किती उतरलं: ह्या दवाखान्यात चहा घेतला न्हाई.

चार वर्षं रोज अकरा वाजता काशिनाथ त्या कपात चहा ओतायचा. चार वर्षं त्या कप घेऊन लिंबाखाली जायच्या आणि रिकामा कप धुऊन खिळ्याला लावायच्या. चहा झाडाला जात होता. आणि मी चार वर्षं समजत होतो की बाईचं काही म्हणणं न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. चांगली माणसं ती. म्हणाल्या, "खूप मोलाचं आहे हो, पण आमच्या फॉर्ममध्ये हे कुठं बसवायचं?" आणि वही कपाटात ठेवली. अजून असेल तिथं, नसेलही.

मुंबईत अर्धा गाल आणि जबड्याचा तुकडा गेला. मंग लाईट घेतले. चार महिन्यांनी परत आलो तेव्हा बोलणं बोबडं झालेलं, तोंडावर कायम उपरणं. सिस्टरांची मंठ्याला बदली झाली होती. खिळ्याला एकच कप होता, निळ्या काठाचा. माझा काशिनाथनं आत फळीवर ठेवला होता, आपल्या मनानं. मी पक्कड आणून खिळा उपटला. कप घासला, चहा ओतला, आणि तोंडाला लावता लावता थांबलो. ज्याला दाखवायचं ते माणूसच समोर नव्हतं. माघारी प्याल्याचा बिलकुल उपयोग न्हाई.

कप पंच्यात गुंडाळून मी मंठ्याची बस धरली. पोळा होऊन गेला होता. बौद्धवाड्यात विचारत गेलो तर एका खोलीच्या दारात सिस्टर स्टोव्ह पेटवत होत्या. मला ओळखलं न्हाई. मी पंचा सोडला. कप बघितला आणि मंग माझ्याकडं बघितलं.

"बसा," म्हणाल्या. "घरी जेवायला सोबत कोण बसतं?"

"सगळे."

"वही वाचली का बाईंनी?"

"वाचली," मी म्हणालो. खोटं बोललो. "फार चांगली हाय म्हणाल्या."

त्यांनी चहा केला. मी कप पुढं केला. "ह्याच्यात द्या. आधी तुम्ही घ्या. उरला तर मला." वाटेत पाठ करून गेल्तो, तरी नीट बोलता आलं न्हाई. सिस्टरांनी दोन घोट घेतले. कप माझ्याकडं दिला. मी उपरणं काढलं आणि त्यांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांत बघत, तो चहा प्यालो. चार वर्षांचं ओझं होतं त्या अर्ध्या कपात. सिस्टर नजर न हलवता बघत होत्या. मला वाटलं, आता तरी त्या काही बोलतील. झालं गेलं सोडा, म्हणतील.

"कान दुखतो का?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"घोट घेताना मान उजवीकडं टाकता. हात कानावर गेला दोनदा. डावा कान दुखतो का?"

मला वाटलं होतं त्या माझं पिणं बघतायत. त्या माझं गिळणं बघत होत्या.

"दुखतो थोडा," मी म्हणालो. "वाऱ्यानं असंल. दिवाळीनंतर बोलावलंय तपासायला."

त्यांनी छत्री घेतली आणि टोक दोनदा जमिनीला टेकवलं. "दिवाळीची वाट बघू नका. इथनं घरी जा, शांताबाईंना घ्या आणि आजच मुंबईला निघा."

मी आजही जिवंत आहे, ह्याचं कारण एवढंच की त्या दिवशी मी ऐकलं. दुसरं ऑपरेशन झालं. त्याबद्दल बोलत न्हाई.

त्यांनी कप घेतला, विसळला, आणि आत नेऊन आपल्या फळीवर बाकीच्या दोन कपांच्या रांगेत ठेवला. मंग दार ओढून घेतलं. त्यांना फिरतीवर जायचं होतं, मला बसस्टँडला. कोपऱ्यापर्यंत सोबत आलो. तिथून त्या मोंढ्याकडच्या गल्लीत वळल्या. बस उभीच होती. मी खिडकीशी बसलो तर समोर ती गल्ली दिसत होती. ऊन डोक्यावर होतं. काळी छत्री पुढं चालली होती, आणि तिच्या पुढं दारं लागत होती. एक. मंग समोरचं. मंग अजून एक. मला ओरडून सांगायचं होतं त्या लोकांना. पण माझं तोंड तसं राहिलं नव्हतं. चौथ्या घराशी त्या थांबल्या आणि कडी वाजवली. वाट बघितली. परत वाजवली. माझी बस सुटली तोपर्यंत ते दार उघडलं नव्हतं.